लेकीच्या हॉटेलातली टेबलं

धाकट्या लेकीने ग्रीक जेवणाचं हॉटेल काढायचं ठरवलं, तेव्हा मिस्तरींनी एकच प्रश्न विचारला. टेबलं किती लागतील? ग्रीक लोक काय खातात, पोर एवढी वर्षं दुसऱ्यांच्या भटारखान्यात राबून नेमकं काय शिकली, जावयाने चांगली जम बसलेली नोकरी सोडून वाढप्याचं काम का पत्करलं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांना त्यात गतीही नव्हती. टेबलांत मात्र होती. जन्मभर त्यांनी लाकूडच कापलं होतं आणि गुडघ्यांनी दगा दिला म्हणून वर्षभरापूर्वी दुकान बंद करून अवजारं तेल लावून गुंडाळून ठेवली होती. ती त्यांनी त्याच संध्याकाळी पुन्हा बाहेर काढली.

सगळा हिवाळा ते टेबलांत बुडून गेले. लाकूड स्वतः निवडलं. वखारवाल्याशी दोनदा भांडले. पॉलिश यंत्राने न मारता कापडाच्या बोळ्याने, हाताने चढवलं. मिस्तरीणबाई गंमतीने म्हणायच्या की लेकीच्या लग्नात बापाने एवढी धावपळ केली नव्हती. मिस्तरी म्हणायचे, लग्न एक दिवसाचं असतं, टेबलावर रोज माणसं बसतात.

हॉटेल उघडलं त्या दिवशी सगळी नात्याची माणसं जमली होती. मिस्तरींना मानाने खिडकीपाशी बसवलं. समोर एकेक बशी येऊ लागली. पहिल्याच बशीत पांढऱ्या चीजचे तुकडे होते. जावयाने सांगितलं, बाबा, हा फेटा. मिस्तरी म्हणाले, फेटा डोक्याला बांधतात एवढं ठाऊक होतं, खातातही का? सगळे हसले, तेही हसले. पण तुकडा तोंडात टाकल्यावर हसू मावळलं. तो असा खारट, की समुद्रच गिळल्यासारखं वाटलं. मग काळी ऑलिव्हं आली, ती कडू. मग वांगी आणि खिम्याचे थर लावून भाजलेला मुसाका आला, तो त्यांना फार मऊ वाटला. दात असलेल्या माणसाला असलं कशाला द्यायचं, असं मनात आलं. पाव मात्र त्यांनी पोटभर खाल्ला, आणि बटाटे.

शेवटी धाकटी आतून आली. कपाळावर घाम, ॲप्रनवर डाग, डोळे नुसते चमकत होते. ती कोणाकडे न बघता सरळ बापाकडे आली आणि कसं वाटलं म्हणून विचारलं. मिस्तरींनी टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "पॉलिश बघ कसं चढलंय."

"हो," ती म्हणाली. "सगळे विचारतायत कोणी केलं म्हणून." आणि आत निघून गेली.

घरी जाताना मिस्तरीणबाई अर्ध्या वाटेत थांबल्या. मग म्हणाल्या की लेकीने जेवणाचं विचारलं होतं, फर्निचरचं नव्हे. मिस्तरी म्हणाले, खोटं कशाला बोलायचं? त्यावर बाई म्हणाल्या, खोटं नका बोलू, पण आपल्याच पाठीवर आपणच थाप मारून घ्यायची ही कुठली रीत? मिस्तरींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात ते तरबेज होते.

त्यानंतर जो भेटेल त्याला मिस्तरी त्या टेबलांबद्दल सांगत. दूधवाल्याला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. लेकीच्या हॉटेलात एकदा जाऊन बसा, म्हणायचे. जेवून या असं नव्हे, बसा. हॉटेल हळूहळू चालायला लागलं होतं, त्याचं श्रेय त्यांच्या हिशेबी निम्मं तरी टेबलांना होतं. स्वतः मात्र ते पुन्हा तिकडे जेवायला गेले नाहीत. कधी दारावरून चक्कर मारायचे, काचेतून आत बघायचे, टेबलांवर माणसं आहेत ना एवढं पाहून परतायचे.

आणि मग एक दिवस सलूनमध्ये घोटाळा झाला.

सलूनवाला त्यांची दाढी करत होता आणि हात चालतो तशी त्याची जीभही चालायची. आदल्या रात्री तो बायकोला घेऊन धाकटीच्या हॉटेलात गेला होता. सगळं सांगू लागला. पाव गरमागरम. कोकराचं मटण असं शिजलेलं, की हाडाला हात लावला की सुटतंय. ऑक्टोपस मात्र चावून चावून जबडा दुखला. बायकोला शेवटचं गोड फार गोड लागलं, तिने अर्धं ठेवलं. वाढायला जरा उशीर होतो, पण जावईबापू बोलतात गोड, त्यामुळे राग येत नाही. मिस्तरी डोळे मिटून ऐकत होते. लेकीच्या जेवणाची अशी उलटसुलट परीक्षा त्यांना काही फारशी लागली नाही. मग सलूनवाला म्हणाला, "आणि टेबल डुलतं हो. सूपाचा चमचा तोंडात जायच्या आधी निम्मं सूप शर्टावर."

वस्तरा नेमका गळ्याच्या घाटीवर होता, म्हणून मिस्तरींना हलताही आलं नाही आणि बोलताही आलं नाही. नुसते डोळे उघडले. आरशात त्यांचे डोळे दिसले तसा सलूनवाल्याने जीभ चावली. टेबलांचं पुराण त्याने किमान दहा वेळा ऐकलं होतं. मग घाईघाईने म्हणाला की गर्दी होती, कदाचित त्याचीच खुर्ची हलत असेल. कुठलं टेबल, असं मिस्तरींनी दाढी झाल्यावर विचारलं, तर ते काही केल्या त्याला आठवेना. भरपाई म्हणून त्याने गालावर इतकं लोशन चोपडलं, की घरी गेल्यावर मिस्तरीणबाईंनी विचारलं, कुठल्या लग्नाला निघालात?

मिस्तरींनी घरात चकार शब्द काढला नाही. पण जेवण गोड लागेना. आपण केलेलं टेबल डुलेल हे त्यांना पटतच नव्हतं. विचार करकरून त्यांनी दोष जमिनीवर ढकलला. इमारत जुनी, फरशी कुठेतरी खचली असणार. तेवढं एकदा पुराव्यानिशी बघायचं आणि सलूनवाल्याच्या तोंडावर सांगायचं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फरशीची पातळी बघायला छोटी पाणसळ कोटाच्या खिशात टाकली आणि हॉटेलात जाऊन बसले.

त्यांनी एक गोष्ट धरली नव्हती. बाप आपणहून, एकटा, भर दुपारी जेवायला आलेला बघून धाकटीला काय वाटेल, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. ती भटारखान्याच्या दारात आली, क्षणभर बघतच राहिली, आणि मग तिचं तोंड असं फुललं की आता टेबल तपासायला आलोय हे सांगायची मिस्तरींची छाती झाली नाही. तिने विचारलं, काय खाणार बाबा? ते म्हणाले, तू देशील ते.

अशा रीतीने मिस्तरी आपल्याच जाळ्यात सापडले. डुलणारं टेबल शोधायचं तर प्रत्येक टेबलावर बसायला हवं होतं, आणि टेबलावर बसलं की जेवायला हवं होतं. पहिल्या दिवशी द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात आला. त्यांनी पानं नीट सोडून बाजूला ठेवली आणि आतला भात खाल्ला. जावयाने हळूच कानाशी येऊन सांगितलं की पानही खायचं असतं. मिस्तरींनी एक पान खाऊन पाहिलं. आंबट होतं, पण वाईट नव्हतं. कोपराने टेबल दाबलं. टेबल ढिम्म.

पुढच्या खेपेला दाराजवळचं टेबल घेतलं. त्या दिवशी ऑक्टोपस. सलूनवाला खोटं बोलला नव्हता. मिस्तरी एक तुकडा इतका वेळ चघळत होते, की शेवटी त्यांनी तो रुमालात घेतला आणि रुमाल खिशात घातला. धाकटी विचारायला आली तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि ती खुश होऊन गेली. त्यांना त्या मान डोलावण्याची थोडी लाज वाटली. टेबल मात्र इथेही पक्कं होतं.

असं करत ते जाऊ लागले. कधी काकडी-लसणाचं दही आवडायचं, कधी मासा कोरडा वाटायचा. खारट फेट्याची सवय होऊ लागली. टोमॅटोबरोबर खाल्ला तर तो बरा लागतो, हा शोध त्यांना स्वतःलाच लागला. मिस्तरीणबाई म्हणू लागल्या की या वयात माणूस बाहेर जेवायला लागला म्हणजे घरच्या स्वयंपाकावर शंका. मिस्तरी म्हणाले, लेकीकडे जातो, बाहेर कुठे जातो?

टेबलावर कान देऊन बसलेल्या माणसाला आजूबाजूचं सगळं ऐकू येतं. मिस्तरींनाही येऊ लागलं. कोणी पावाचं कौतुक करी, कोणी बिल बघून भुवया वर करी. एकदा शेजारच्या टेबलावरच्या जाड आवाजाच्या माणसाने मुसाका परत पाठवला. मधे गार आहे म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मिस्तरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपला तो बाब्या. त्यांना वाटलं, उठून त्याला दोन शब्द सुनवावेत. तेवढ्यात धाकटी बाहेर आली. तिने त्या माणसाचं पुरतं ऐकून घेतलं. मग स्वच्छ चमच्याने ताटाच्या मधोमधचा घास उचलून स्वतः खाल्ला आणि म्हणाली, बरोबर आहे तुमचं, मी लवकर काढला. एवढंच. भट्टीला नावं ठेवली नाहीत, गर्दीचं कारण दिलं नाही. थोड्या वेळाने दुसरा मुसाका वाफाळत आला आणि तो माणूस निमूटपणे जेवला. जाताना त्याने दारातून मागे वळून हात वर केला.

मिस्तरी खिशातल्या पाणसळीवर हात ठेवून बसले होते. फरशी खचल्याचं भाषण त्यांनी घरी दोनदा म्हणून पाहिलं होतं. ते त्यांना एकदम थोडं पोकळ वाटलं.

खिडकीजवळचं टेबल मात्र कधी रिकामं सापडत नव्हतं. तिथे बहुतेक वेळा शाळेतल्या एक बाई त्यांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन येऊन बसायच्या. म्हातारी वाळून काडी झालेली, शालीत गुरफटलेली. तिच्यासाठी दर वेळी एकच गोष्ट यायची, कोंबडीच्या पाण्यात अंडं आणि लिंबू फेटून केलेलं पिवळसर सूप. मिस्तरींशी नजरानजर होऊन होऊन बाईंची ओळख झाली होती. त्यांनी एकदा सांगितलं की घरी आई दोन घासांवर तिसरा घास घेत नाही, डॉक्टरांनीही हात टेकले, पण इथलं सूप ती वाडगा तिरका करून संपवते. मिस्तरींनी दुसऱ्या दिवशी ते सूप मागवलं. ते खाताना त्यांना त्यांची स्वतःची आई आठवली. शेवटच्या आजारपणात ती चमचा जवळ नेला की तोंड फिरवायची, आणि तिला काय द्यावं हे घरात कोणालाच सुचायचं नाही. त्यांनी वाडगा पुसून खाल्ला. धाकटीला बोलावून काही सांगावंसं वाटलं, पण ती कामात होती, आणि त्यांना असलं बोलायची सवय नव्हती. मूग गिळून घरी गेले.

त्यानंतरच्या खेपेला ते मुद्दाम खिडकीच्या शेजारच्या टेबलावर बसले. बाई आणि त्यांची आई नेहमीसारख्या आल्या. जावई सूप घेऊन आला. वाडगा खाली ठेवायच्या आधी तो वाकला, जणू पडलेला रुमाल उचलतोय, आणि ॲप्रनच्या खिशातून बुचाची पातळ चकती काढून त्याने टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. तळहाताने टेबल किंचित दाबून पाहिलं. मग वाडगा ठेवला. हे सगळं इतक्या सराईतपणे झालं, की म्हातारीला पत्ताही लागला नाही. मिस्तरींना लागला.

ते जेवण संपवून बसून राहिले. गर्दी ओसरली, बाई आईला हात धरून घेऊन गेल्या. तेव्हा मिस्तरी उठून खिडकीजवळ गेले, गुडघे धरून खाली बसले आणि चकती काढली. वर बसून कोपर टेकवलं. टक् असा आवाज झाला. दुसरं कोपर टेकवलं. पुन्हा टक्. पाणसळ काढून फरशीवर चारी बाजूंनी ठेवून पाहिली, तर बुडबुडा दर वेळी बरोबर मधे येऊन उभा राहिला. फरशी निर्दोष होती. टेबलाखाली डोकं घालून बघितल्यावर सगळं लख्ख दिसलं. खालच्या आडव्या पट्टीला पीळ पडला होता आणि त्यामुळे एक पाय उचलला गेला होता. ती पट्टी कोणती हेही त्यांना आठवलं. शेवटी लाकूड कमी पडलं, तेव्हा घाईने आणलेल्या फळीतून काढलेली. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं हे हाताला त्या वेळीच कळलं होतं, पण उघडायचा दिवस जवळ आला होता.

मिस्तरी टेबलाखालून बाहेर आले, तर समोर जावई रिकामी बशी घेऊन उभा. बिचाऱ्याचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता. मिस्तरी त्याला म्हणाले, जावईबापू, तिला बोलवा.

धाकटी आली. टेबलावरची बुचाची चकती तिने बघितली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मिस्तरींनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, उघडल्यावर थोड्याच दिवसांत.

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"कसं सांगणार, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला टेबलांबद्दल सांगत होतात. लोक जेवायला येऊन मला सांगायचे, तुमच्या वडिलांनी पाठवलंय, टेबल बघायला. मी कुठल्या तोंडाने म्हणू की त्यातलं एक डुलतंय?"

मिस्तरींना राग आला. म्हणाले, मी काय काचेचा आहे, की बोललं तर फुटेन? आपण लाकडाची माणसं, चूक दाखवली तर रंधा घेऊन सरळ करू. तिने ते सगळं ऐकून घेतलं, त्या मुसाकावाल्या माणसाचं ऐकलं होतं तसंच. मग शांतपणे म्हणाली, "पहिल्या दिवशी माझं जेवण तुम्हाला आवडलं नव्हतं. ते तुम्ही मला सांगितलंत का?"

मिस्तरी बुचाची चकती बोटांत फिरवू लागले.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं जेवणाचं आणि तुम्ही पॉलिश दाखवलंत. मग पुन्हा विचारायची भीती वाटली. आणि आता रोज येता, मान डोलावता. ऑक्टोपसच्या दिवशी तुमचा रुमाल कुठे गेला तेही मी पाहिलंय."

जावई बशी घेऊन हळूच सटकला. मिस्तरींना हसू आलं, आणि ते आवरायच्या आत लेकही हसली. दोघंही बराच वेळ हसत होते. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, आता खरं सांगा. सगळं.

मिस्तरींनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. फेटा नुसता दिलास तर खारट लागतो. ऑक्टोपस चामडं होता. ती म्हणाली, होता, मी त्या आठवड्यात घाई करत होते. आता आधी मंद आचेवर शिजवून मग निखाऱ्यावर धरते. मासा कोरडा. ते तिने मान्य केलं नाही, म्हणाली मासा नीट शिजलेला होता, तुम्ही रश्श्यातलाच खात आलात, तुम्हाला तो कोरडाच वाटणार. यावर थोडा वाद झाला आणि तो तसाच राहिला. मग मिस्तरी सुपापाशी आले आणि थांबले.

"ते सूप माझ्या आईला मिळायला हवं होतं," ते म्हणाले. "तिने खाल्लं असतं."

आजीच्या शेवटच्या दिवसांत धाकटी शाळेत जाणारी पोर होती, चमचा घेऊन आजीच्या खाटेशी तीही उभी राहिलेली होती. तिने बापाचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

थोड्या वेळाने मिस्तरी म्हणाले, आता तूही सांग. टेबलांचं. तिने हे डुलणारं तर आहेच म्हटलं, पण जरा थांबून पुढेही गेली. कडा फार धारदार आहेत, लोकांच्या बाह्या घासतात. आणि टेबलं रुंद आहेत. दिसतात देखणी, पण आमचं जेवण मधे ठेवून सगळ्यांनी मिळून खायचं असतं, आणि मधल्या बशीपर्यंत हात पोचत नाही. लोक अर्धे उभे राहून घास घेतात. मिस्तरींना हे पहिल्यापेक्षा जास्त लागलं. पीळ पडणं लाकडाचा दोष. रुंदी तर त्यांनी स्वतः ठरवली होती. त्यांनी तिला विचारलंच नव्हतं.

हॉटेल बंद असण्याच्या दिवशी ते अवजारांची पेटी घेऊन आले. पीळ पडलेली पट्टी काढून वाळलेल्या लाकडाची नवी बसवली. मग एकेक टेबल घेऊन कानशीने आणि पॉलिश पेपरने सगळ्या कडा गोल केल्या. हाताने चढवलेलं पॉलिश खरवडताना पहिल्या टेबलाला जीव थोडा खाली-वर झाला, नंतर नाही झाला. मिस्तरीणबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे जाताना दिसतोय.

काही महिन्यांनी शेजारचं रिकामं दुकान धाकटीला भाड्याने मिळालं आणि भिंत फोडून मागे एक लांब खोली निघाली. मोठ्या पंगतींसाठी तिला तिथे एकच लांबलचक टेबल हवं होतं. ती नवऱ्याला घेऊन बापाच्या घरी आली, कागदावर आकृती काढून घेऊन आली. मिस्तरींनी रुंदी बघितली आणि चष्मा काढला. एवढ्या लांब टेबलाला एवढी कमी रुंदी म्हणजे टेबल नव्हे, बाकडं झालं. प्रमाण नावाची काही चीज असते. तिने ऐकलं नाही. आईला आणि नवऱ्याला समोरासमोर बसवलं, मधे बशी ठेवली, आणि मिस्तरींच्या मापाने बसवून घास घ्यायला लावला. मग आपल्या मापाने बसवून घ्यायला लावला. दुसऱ्या वेळी मिस्तरीणबाईंचा हात बशीपर्यंत गेला आणि जावयाच्या हाताला लागला, तशा त्या हसल्या. मिस्तरींना युक्तिवादात काही सापडेना. म्हणाले, ठीक आहे, गिऱ्हाईक म्हणेल तसं.

"गिऱ्हाईकच समजा," ती म्हणाली. "आणि लाकूड वाळलेलं घ्या."

असं त्यांच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. त्यांनी घेतलं वाळलेलं. या वेळी घाई केली नाही.

त्या टेबलावरची पहिली पंगत बस डेपोतल्या लोकांची होती. त्यांचा एक जुना कंडक्टर निवृत्त होत होता. मिस्तरी आणि मिस्तरीणबाई मागच्या खोलीच्या दारात उभे राहून बघत होते. पावाच्या टोपल्या आल्या, दही आलं, फेटा टोमॅटोबरोबर आला, भाजलेली वांगी आली. सगळ्या बशा मधे. आणि दोन्ही बाजूंनी हात निघाले. कोणी पाव तोडून शेजाऱ्याला दिला, कोणी ऑलिव्ह आवडत नाही म्हणून समोरच्याच्या बशीत टाकली, त्याने ती बोलता बोलता खाऊन टाकली. एका ड्रायव्हरने आंबट पान चाखून तोंड वाकडं केलं, तर त्याच्या समोरच्या बाईने त्याच्या वाट्याची पानंही ओढून घेतली. कोणालाही उठून उभं राहावं लागलं नाही. वाकलेली डोकी एकमेकांच्या इतकी जवळ होती, की वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पाळ्यांत काम केलेली माणसं एका घरातली वाटत होती.

मिस्तरी वाट बघत होते, की कोणीतरी टेबलावरून हात फिरवेल. कोणी फिरवला नाही. टेबलाकडे एकाचंही लक्ष नव्हतं. आणि मिस्तरींच्या ध्यानात आलं की आपल्याला याचं काही वाटत नाहीये. उलट ऊर भरून आलाय. त्यांनी बायकोला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "हे तिला आधीच दिसत होतं बघ. मला लाकूड दिसत होतं. तिला ही माणसं दिसत होती."

मिस्तरीणबाई म्हणाल्या, माझीच लेक आहे ती.

तेवढ्यात एकाने मिस्तरींना वाढपी समजून आणखी पाव मागितला. मिस्तरींनी आणून दिला. मग तो म्हणाला की यादीत सगळी अनोळखी नावं आहेत, आणखी काय मागवू? मिस्तरी टेबलावर हात टेकवून त्याला सांगायला लागले. कोकराचं मटण घ्याच. मासा तुम्हाला कोरडा वाटेल, माझी लेक म्हणते नीट शिजलेला आहे, तुमचं तुम्ही ठरवा. अंगात कणकण असेल तर सूप. गोड फार गोड आहे, दोघांत एक मागवा. ऐकणाऱ्या माणसाला गंमत वाटली. एवढं खरं सांगणारा वाढपी त्याने पाहिला नव्हता. तुम्ही इथले कोण, असं त्याने विचारलं.

"आतमध्ये जी स्वयंपाक करतेय, तिचा बाप," मिस्तरी म्हणाले.

निवृत्त होणाऱ्या कंडक्टरने ते ऐकलं आणि दोघांना जागा करून द्यायला सगळ्यांना सरकायला सांगितलं. जन्मभर भरलेल्या गाडीत जागा करून द्यायचंच काम केलंय, म्हणाला. मिस्तरी आणि मिस्तरीणबाई टोकाला बसले. ऑक्टोपस आला, निखाऱ्यावरून नुकताच काढलेला. मिस्तरींनी तुकडा तोंडात टाकला, तो दाताखाली सहज तुटला. धाकटी दारात येऊन बघत होती. त्यांनी तिला हाक मारली आणि भर पंगतीत सांगितलं, आज जमलाय, पण लिंबू थोडं कमी चाललं असतं.

तिने जवळ येऊन एक तुकडा खाऊन पाहिला, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, "नाही बाबा. बरोबर आहे."

मिस्तरींनी आणखी एक तुकडा घेतला. मग मधल्या बशीकडे हात लांब करत शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाले, "ती म्हणतेय तर बरोबरच असेल. तुम्ही घ्या, गार होईल."